फ्लुइडने लिहिलेल्या फाइलींची नावं कोणी ठरवायची?

आधी प्रश्न थोडक्यात. एफएलटीके ही सी++साठीची, खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी वापरून केलेला प्रकल्प आहे. फ्लुइडमध्ये, म्हणजे तिच्यासोबत येणाऱ्या इंटरफेस डिझायनरमध्ये, काढलेल्या चाळीसेक खिडक्या सात-आठ फोल्डरांत विभागल्या आहेत आणि त्यातल्या तीन फोल्डरांत «पॅनेल.एफएल» या एकाच नावाची फाइल आहे. बिल्डमध्ये «फ्लुइड -सी» चालवलं की तयार झालेला सगळा कोड एकाच डिरेक्टरीत येऊन पडतो आणि एक पॅनेल दुसऱ्याला पुसून टाकतं. मग फ्लुइडने फोल्डरचं नाव आपोआप पुढे जोडून फाइल लिहावी, «लॉगिन_पॅनेल.सीएक्सएक्स» अशी, अशी विनंती करावी का? आणि केली तर ती कशी लिहावी, म्हणजे कोणी लक्ष देईल?

विनंती जरूर करा, पण ही करू नका. तुम्हाला जे हवं आहे त्यातलं बरंचसं फ्लुइडमध्ये आधीपासून आहे, फक्त ते पटकन सापडत नाही. जे खरोखरच नाही, ते तुम्ही मागितलेलंच नाही. दोन्ही नीट सांगतो. आज्ञा आणि फाइलींची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो आहे. टाइप करताना ती रोमन अक्षरांतच करायची.

फ्लुइड कोडच्या फाइली कुठे ठेवतं, तिथून सुरुवात करू, कारण अर्धा गोंधळ तिथला आहे. फ्लुइडचा उगम खिडकी उघडून, उंदराने बटणं ओढून इंटरफेस मांडायच्या कामात आहे. तुम्ही खिडकीतून «राइट कोड» केलंत, म्हणजे कंट्रोल-शिफ्ट-सी दाबलंत, तर कोडच्या दोन्ही फाइली, सोर्स आणि हेडर, «.एफएल» फाइलीच्या शेजारी पडतात. तेच काम «-सी» देऊन कमांड लाइनवरून केलंत तर «.एफएल»च्या आधीचा सगळा मार्ग छाटला जातो आणि फाइली तुम्ही त्या क्षणी ज्या डिरेक्टरीत उभे असाल तिथे लिहिल्या जातात. दस्तऐवजात हे सरळ सांगितलेलं आहे. ही चूक नाही, ठरवून केलेली गोष्ट आहे. बिल्डने सोर्सच्या झाडात काही लिहू नये असं मानणाऱ्यांना तीच हवी असते. सीमेक या बिल्ड-साधनाचं एफएलटीकेसाठीचं मॉड्यूलसुद्धा याच वागण्यावर बेतलेलं आहे: ते फ्लुइडला बिल्डच्या डिरेक्टरीतून चालवतं आणि कोड तिथेच सापडेल असं धरून चालतं. म्हणून हे वागणं बदला असं मागणं म्हणजे जगभरच्या चालू मेकफाइली मोडा असं मागणं. अशी विनंती पहिल्याच उत्तरात नाकारली जाते, आणि नाकारणाऱ्याचं बरोबर असतं.

पण एकाच साधनाच्या या दोन सवयींतून जो घोळ होतो तो मी स्वतः भोगला आहे. काही वर्षांपूर्वी एका मोजमाप यंत्राच्या सॉफ्टवेअरवर आम्ही चौघं काम करत होतो. बिल्ड वेगळ्या डिरेक्टरीत होत असे आणि फ्लुइड तिथेच कोड लिहीत असे. एका सहकाऱ्याने एकदा खिडकी उघडून काही बदल केला आणि सवयीने कंट्रोल-शिफ्ट-सी दाबलं. सोर्सच्या फोल्डरात «पॅनेल.एच»ची एक प्रत तयार झाली, आणि कुणाच्या लक्षात येण्याआधी ती रिपॉझिटरीतही गेली. त्यानंतर दोन आठवडे आमचा प्रोग्राम कुठेही, कसाही कोसळत होता. अवतरण चिन्हांत हेडरचं नाव दिलं की कंपायलर ते आधी त्या सोर्स फाइलीच्या स्वतःच्या फोल्डरात शोधतो. त्यामुळे आमच्या हातच्या फाइली जुनं हेडर घेत होत्या आणि फ्लुइडने बिल्डमध्ये लिहिलेली फाइल नवं. एकाच क्लासची दोन वेगळी रूपं, दोन्ही बिनतक्रार कंपाइल होत होती, आणि लिंकरने ती जोडूनही दिली. एका बाजूला क्लासमध्ये सात सदस्य, दुसऱ्या बाजूला नऊ. मेमरी तपासणारी साधनं लावून आम्ही आमचाच कोड खणत बसलो होतो, आणि कारण होतं एक शिळी फाइल, योग्य नावाची पण चुकीच्या जागी पडलेली.

तेव्हापासून मी एक गोष्ट धरून ठेवली आहे: कोड तयार करणाऱ्या साधनाने नाव आणि जागा दोन्ही ठरवू नयेत. ते बोलावणाऱ्याने सांगावं, आणि साधनाने सांगितलेलं जसंच्या तसं पाळावं. तुमची फोल्डरचं नाव आपोआप जोडण्याची सूचना मला पटत नाही ती याच कारणाने. आज तुम्हाला एका पातळीचं फोल्डर पुरेसं आहे. उद्या कोणाला दोन पातळ्या लागतील, परवा कोणाच्या फोल्डरच्या नावात मोकळी जागा निघेल, आणि प्रत्येक वेळी फ्लुइडने काहीतरी अंदाज करायचा. साधनाने केलेला अंदाज बिल्डला आधी कळत नाही, आणि बिल्डला तर काम सुरू होण्याआधीच आउटपुटचं नाव माहीत असावं लागतं.

हे दुखणं फार जुनं आहे. बेल लॅब्जमध्ये सत्तरच्या दशकात स्टीफन जॉन्सन यांनी «याक» हे व्याकरणावरून कोड तयार करणारं साधन लिहिलं तेव्हा ते कुठलंही व्याकरण दिलं तरी कोड «वाय.टॅब.सी» या एकाच नावाने लिहीत असे. एका प्रोग्रामात एकच व्याकरण असेल तोवर ठीक. दोन झाली की तुमच्या तीन पॅनेलांसारखीच अवस्था. ऑटोमेक या मेकफाइली तयार करणाऱ्या साधनात «वायएलरॅप» नावाची एक स्क्रिप्ट आहे, ती मुख्यतः एवढ्यासाठीच: याकला एका तात्पुरत्या फोल्डरात नेऊन चालवायचं, तयार झालेली फाइल हव्या त्या नावाने बाहेर काढायची, आणि फाइलीच्या आत जुन्या नावाचे जे उल्लेख उरले असतील तेही दुरुस्त करायचे. हा शेवटचा भाग लक्षात ठेवा, तुमच्या प्रश्नात तो पुन्हा येणार आहे. याकची जागा घेणाऱ्या बायसनने पुढे नाव व्याकरणाच्या फाइलीवरून घ्यायला सुरुवात केली आणि «-ओ» दिला. याकची जुनी सवय हवी असेल त्यांच्यासाठी «-वाय» ठेवला. जुनं मोडलं नाही, नवं दिलं. विनंती लिहिताना हा नमुना डोळ्यांसमोर ठेवा.

इंटरफेस डिझायनरांत प्रत्येकाची रीत वेगळी आहे. क्यूटी या दुसऱ्या इंटरफेस लायब्ररीचं «यूआयसी» मला या बाबतीत सगळ्यांत शहाणं वाटतं: «-ओ» दिला नाही तर ते कोड सरळ स्टँडर्ड आउटपुटवर ओततं, नावाच्या भानगडीत पडतच नाही. «यूआय_» हा उपसर्ग आपण सगळीकडे पाहतो, पण तो क्यूमेकने आणि सीमेकने लावलेला असतो, यूआयसीने नव्हे. डब्ल्यूएक्सफॉर्मबिल्डरमध्ये फाइलीचं नाव आणि मार्ग प्रकल्पाच्या फाइलीतच लिहिलेला असतो; «-जी» दिला की तिथे लिहिलंय तसं होतं. डब्ल्यूएक्सग्लेडला «-जी»ने भाषा आणि «-ओ»ने जागा सांगता येते. ग्लेडने तिसऱ्या आवृत्तीपासून कोड लिहिणंच सोडून दिलं, तिथे प्रश्नच मिटला. फ्लुइड प्रत्येक «.एफएल» फाइलीमागे दोन फाइली लिहितं, सोर्स आणि हेडर, त्यामुळे यूआयसीसारखं एका प्रवाहात ओतणं त्याला जमण्यासारखं नाही. त्याला दोन नावं लागतात.

आणि ती देता येतात. «-ओ» पुढे सोर्स फाइलीचं नाव, «-एच» पुढे हेडरचं. म्हणजे «फ्लुइड -सी -ओ लॉगिन_पॅनेल.सीएक्सएक्स -एच लॉगिन_पॅनेल.एच», आणि शेवटी मूळ «.एफएल» फाइल. तुमच्या टक्करीवरचा उपाय एवढाच आहे. तो लोकांना सापडत नाही याचं एक साधं कारण मी अनेकदा पाहिलं आहे: मदत हवी म्हणून लोक हात जाईल तसं «-एच» टाइप करतात, आणि इथे «-एच» म्हणजे हेल्प नसून हेडर आहे. मदतीसाठी पूर्ण «--हेल्प» लिहावं लागतं. दुसरं, हे पर्याय «.एफएल»च्या आधीच यावे लागतात. फाइलीच्या नावानंतर लिहिलेत तर फ्लुइड वापराची माहिती छापून बाहेर पडतं आणि माणसाला वाटतं की पर्यायच चालत नाही.

या दोन पर्यायांना आणखी एक अर्थ आहे. दिलेली गोष्ट टिंबाने सुरू होत असेल आणि तीत तिरकी रेघ नसेल, तर फ्लुइड तिला नाव न मानता एक्स्टेन्शन मानतं. «-ओ .जेन.सीएक्सएक्स -एच .जेन.एच» दिलंत तर «पॅनेल.एफएल»पासून «पॅनेल.जेन.सीएक्सएक्स» आणि «पॅनेल.जेन.एच» तयार होतात. वर सांगितलेल्या घोळावर हा मला सापडलेला सगळ्यांत स्वस्त उपाय. आमच्याकडे आता नियम आहे की बिल्डमधली प्रत्येक तयार झालेली फाइल «.जेन» घेऊनच येते आणि हातच्या सगळ्या फाइली तेच नाव मागतात. कोणी चुकून खिडकीतून कोड लिहिला तरी «पॅनेल.एच» नावाची ती प्रत कोणी मागतच नाही. शिवाय गिटला दुर्लक्ष करायला सांगायची ओळ एकच राहते.

कमांड लाइनवर दिलेलं नाव «.एफएल»च्या आत साठवलेल्या नावावर मात करतं. फाइल मजकूर-संपादकात उघडलीत तर वरच «हेडर_नेम» आणि «कोड_नेम» अशा दोन ओळी दिसतील. त्या तशाच राहू द्या, त्या खिडकीतून काम करणाऱ्यासाठी आहेत.

आता वायएलरॅपच्या त्या शेवटच्या कामाकडे. फाइलीचं बाहेरचं नाव बदललं की आतले उल्लेख जुळतात का? फ्लुइडमध्ये असे दोन उल्लेख आहेत आणि दोन्ही तुम्हाला अडवतील.

पहिला हेडर गार्डचा, म्हणजे एकच हेडर दोनदा आत येऊ नये म्हणून ठेवलेल्या खुणेचा. हेडरच्या डोक्यावर जी «इफएनडेफ»ची ओळ असते तिच्यातलं नाव १.३ मालिकेत फ्लुइड हेडरच्या फाइलनावावरून बनवतं, आणि त्यातही फक्त शेवटच्या भागावरून, मार्ग सोडून. म्हणजे लॉगिनचं पॅनेल एका फोल्डरात लिहिलंत आणि सेटिंगचं दुसऱ्या, तरी दोन्हींचा गार्ड «पॅनेल_एच» हाच. एखाद्या फाइलीत दोन्ही हेडरं घेतलीत की पहिलं येतं आणि दुसरं गपचूप गाळलं जातं. कंपायलर मग सांगतो की अमुक क्लास ठाऊक नाही, आणि तुम्ही पाहता तर हेडर घेतलेलं डोळ्यांसमोर दिसत असतं. या एका ओळीपायी माणसं दिवस घालवतात. म्हणून फक्त वेगवेगळ्या फोल्डरांत लिहून भागणार नाही, नावाचा शेवटचा भागसुद्धा वेगळा हवा. «लॉगिन_पॅनेल.एच» दिलंत की गार्ड आपोआप «लॉगिन_पॅनेल_एच» होतो.

दुसरा उल्लेख सोर्स फाइलीतल्या इन्क्लूडच्या ओळीचा. मी वापरलेल्या १.३ च्या आवृत्त्यांत «-एच»ला पूर्ण मार्ग दिला, समजा «बिल्ड/यूआय/लॉगिन_पॅनेल.एच», तर तोच मार्ग जसाच्या तसा इन्क्लूडच्या ओळीत उतरतो. कंपायलर मग सोर्स फाइल जिथे आहे तिथून पुन्हा «बिल्ड/यूआय» शोधू लागतो आणि अर्थात सापडत नाही. शोधमार्गात प्रकल्पाची मुळाची डिरेक्टरी घालून हे निभावतं. पण मला स्वच्छ वाटतो तो दुसरा मार्ग: आधी आउटपुटच्या डिरेक्टरीत जायचं, «-ओ» आणि «-एच»ला नुसती नावं द्यायची, आणि मार्ग द्यायचा तो फक्त «.एफएल»ला. सीमेकमध्ये कस्टम कमांडला कामाची डिरेक्टरी नेमून देता येते, तिथे हे अगदी नैसर्गिक बसतं. विंडोजवर कोणी बिल्ड करत असेल तर मार्गात पुढे झुकलेली तिरकी रेघच वापरा, कारण टिंबाने सुरू होणारं नाव आणि एक्स्टेन्शन यांतला भेद फ्लुइड त्या रेघेवरूनच करतं.

मेकफाइल वापरत असाल तर नावांशी सख्खं नातं असलेली आणखी एक गोष्ट. दस्तऐवजातल्या उदाहरणात हेडर आणि सोर्स हे दोन्ही एकाच नियमाचे टार्गेट म्हणून डाव्या बाजूला लिहिले आहेत. मेकच्या दृष्टीने साध्या नियमात असे दोन टार्गेट म्हणजे दोन स्वतंत्र नियम. एकावेळी एकच काम चालू असेल तोवर काही बिघडत नाही. «-जे» देऊन समांतर बिल्ड केलंत की फ्लुइड एकाच फाइलीवर दोनदा, एकाच वेळी सुटू शकतं, आणि एखादी फाइल अर्धवट लिहिलेल्या हेडरवर कंपाइल होते. पुन्हा चालवलं की सगळं ठीक, म्हणून कोणी खोलात जात नाही. ग्नू मेकच्या ४.३ या आवृत्तीत, २०२० साली, टार्गेटांचा गट सांगायची सोय आली: नुसत्या कोलनऐवजी «&:» लिहायचं. जुना मेक असेल तर टक्केचिन्हाचा पॅटर्न नियम लिहा, त्यात अनेक टार्गेट असले तरी आज्ञा एकदाच चालते. निंजा या मेकऐवजी वापरल्या जाणाऱ्या साधनावर हा त्रास नाही.

इथवर जे सांगितलं त्यासाठी कोणालाही काही मागायची गरज नाही. आता जे खरंच नाही ते.

फ्लुइड दोन नव्हे, तीन प्रकारच्या फाइली लिहू शकतं. «-सी»ऐवजी «-सीएस» दिलंत तर कोडबरोबर भाषांतरासाठीची वाक्यंही एका फाइलीत काढली जातात. प्रकल्पाच्या सेटिंगमध्ये भाषांतराची पद्धत म्हणून गेटटेक्स्ट निवडलं असेल तर तिचं एक्स्टेन्शन «.पीओ», कॅटगेट्स निवडलं असेल तर «.एमएसजी», काहीच नसेल तर «.टीएक्सटी». आणि या तिसऱ्या फाइलीला नाव द्यायची काही सोय नाही. «-ओ»ने सोर्सचं नाव बदला, «-एच»ने हेडरचं बदला, वाक्यांची फाइल «पॅनेल.पीओ»च राहणार आणि चालू डिरेक्टरीतच पडणार. तुमच्या तीन पॅनेलांच्या तीन «.पीओ» फाइली अजूनही एकमेकींना पुसत राहतील, वर सांगितलेलं सगळं करूनसुद्धा.

ही उणीव मला फार लागते, कारण तिच्यापायी गेलेलं काम परत आलं नाही. एफएलटीके १.३ मध्ये यूटीएफ-८ आलं आणि इंटरफेसमध्ये मराठी वाक्यं ठेवणं शक्य झालं. यंत्रावर काम करणाऱ्या माणसांना पडद्यावरची सूचना त्यांच्या भाषेत मिळावी म्हणून आम्ही एका प्रकल्पात सगळ्या खिडक्यांचं भाषांतर करायला घेतलं. एका ज्येष्ठ ऑपरेटरबाईंनी शेजारी बसून शब्द सांगितले. «कॅलिब्रेशन»ला काय म्हणायचं, «झीरो सेट» तसंच ठेवायचं की नाही, असं एकेक. त्या ज्या शब्दांवर अडत, ते शब्द पडद्यावर आले असते तर मधल्या पाळीतला नवा मुलगाही अडला असता, म्हणून प्रत्येक शब्दावर थांबलो. ही भाषांतरं आम्ही थेट फ्लुइडने काढलेल्या «.पीओ» फाइलींतच भरत गेलो. ते चुकलं, भाषेगणिक वेगळी फाइल ठेवायला हवी होती. पुढे कोणीतरी त्याच डिरेक्टरीतून «-सीएस» चालवलं. फ्लुइडने त्याच नावाने नवी फाइल लिहिली, तीत मूळ वाक्य आणि भाषांतराच्या जागी पुन्हा तेच इंग्रजी वाक्य. दोन दिवसांचं बसणं गेलं. बाई पुन्हा बसल्या, पण पहिल्या वेळचे काही चांगले शब्द दुसऱ्या वेळी कोणालाच आठवले नाहीत.

तर विनंती याची करा: वाक्यांच्या फाइलीचं नाव कमांड लाइनवरून देता यावं. ही मागणी लहान आहे, आधीच्या दोन पर्यायांशी सुसंगत आहे, आणि कोणाचं काही मोडत नाही. करणाऱ्यालाही ती सोपी आहे. १.३ मध्ये पर्याय वाचणारा भाग «फ्लुइड.सीएक्सएक्स» या फाइलीतच, थोड्या ओळींत आहे. नाव «-ओ» आणि «-एच»मधून कसं आत घेतलं आहे ते पाहिलंत की तिसरं त्याच धर्तीवर घालता येतं. फाइल लिहिणारा भाग सध्या «.एफएल»चं नाव घेऊन एक्स्टेन्शन बदलतो. तिथे आधी «कमांड लाइनवरून नाव आलंय का» एवढं विचारायचं. सी++ येत असेल तर पॅच सोबत जोडाच, आणि त्यात दस्तऐवजाचं पान आणि मॅन्युअलची «फ्लुइड.मॅन» फाइल यांतला बदलही घाला. हे प्रकल्प मूठभर माणसं आपल्या वेळात सांभाळतात. दस्तऐवजासकट आलेला बदल त्यांची एक अख्खी संध्याकाळ वाचवतो.

एका अक्षराचा नवा पर्याय मागू नका, पूर्ण शब्दाचा मागा: «--स्ट्रिंग्ज». «-एच»ने काय झालं ते वर पाहिलंच. नावांच्या बाबतीत या प्रकल्पाचा स्वतःचा अनुभवही बोलका आहे. बिल स्पिट्झॅक यांनी डिजिटल डोमेनमध्ये असताना हे घडवलं तेव्हा नाव नुसतं «एफएल» होतं, फॉर्म्स लायब्ररीवरून आलेलं. ते शोधायला गेलं की फ्लोरिडा राज्याची पानं निघत, कारण त्या राज्याचा संक्षेप तोच. म्हणून «एफएलटीके» झालं, आणि फास्ट लाइट टूल किट हा अर्थ त्याला नंतर जोडला गेला.

मजकूर कसा असावा? मी असा लिहीन, तुम्ही तो इंग्रजीत न्या:

«फ्लुइड अमुक आवृत्ती, अमुक प्रणाली. दोन फोल्डर आहेत, लॉगिन आणि सेटिंग, प्रत्येकात पॅनेल.एफएल. दोन्हींत गेटटेक्स्ट निवडलेलं आहे. एकाच बिल्ड डिरेक्टरीतून दोन्हींवर -सीएस चालवतो, -ओ आणि -एचला वेगळी नावं देतो. अपेक्षा: सहा फाइली. मिळतात पाच, कारण पॅनेल.पीओ दुसऱ्यांदा लिहिली जाते आणि पहिली जाते. -ओ आणि -एचप्रमाणे वाक्यांच्या फाइलीसाठीही पर्याय हवा. टिंबाने सुरू झालं तर एक्स्टेन्शन, नाहीतर नाव, हाच नियम तिलाही असावा. पर्याय न दिल्यास आजचंच वागणं राहावं.»

बस एवढंच. «सहा अपेक्षित, पाच मिळतात» ही ओळ सगळ्यांत महत्त्वाची, कारण ती कोणालाही आपल्या मशीनवर दोन मिनिटांत पडताळून पाहता येते. दोन छोट्या «.एफएल» फाइली सोबत जोडा, एकेक बटण असलेल्या. तुमचा अख्खा प्रकल्प जोडू नका, तो कोणी उघडणार नाही.

गार्डमध्ये मार्गाचा अंश यावा, इन्क्लूडच्या ओळीत काय उतरावं ते सांगता यावं, फाइलीत बदल नसेल तर ती पुन्हा लिहू नये, कोणत्या फाइली लिहिल्या जातील त्यांची यादी आधी छापता यावी, या चारही गोष्टी मागण्यासारख्या आहेत. शेवटची तर मला मनापासून हवी आहे, कारण मग बिल्डला काही गृहीत धरावं लागणार नाही. पण त्या या विनंतीत घालू नका. एका विनंतीत पाच गोष्टी असल्या की पाचव्या गोष्टीवरच्या वादात पहिली अडकते. नावांचे साचे मात्र, म्हणजे टक्केचिन्ह आणि अक्षर वापरून «इथे फोल्डर, इथे मूळ नाव» असं सांगण्याची सोय, कधीच मागू नका. ते काम मेक आणि सीमेक आजच करतात आणि जास्त चांगलं करतात.

पाठवण्यापूर्वी सध्याची डेव्हलपमेंट शाखा गिटहबवरून घेऊन तेच दोन-फोल्डरांचं उदाहरण तीवर चालवून बघा. १.३ वर जे खटकतं ते पुढे सुधारलेलं असू शकतं, आणि तसं असेल तर तुमचं काम तिथेच झालं. जुन्या नोंदींतही शोधा. गिटहबपूर्वी एफएलटीकेच्या तक्रारी «एसटीआर» या नावाने क्रमांक लावून ठेवल्या जात, आणि फ्लुइडवरच्या बऱ्याच सूचना तिथे आहेत. जुळणारी सापडली तर नवी उघडताना तिचा क्रमांक द्या.

तोवर आजच एक करा. तुमच्या «.पीओ» फाइलींत कोणी हाताने भाषांतर भरलेलं असेल तर त्या «एमआर.पीओ» अशा भाषेच्या नावाने वेगळ्या फोल्डरात हलवा, आणि फ्लुइडने काढलेल्या वाक्यांशी त्यांची सांगड गेटटेक्स्टच्या «एमएसजीमर्ज»ने घाला. «-सीएस» आत्ताही चालू डिरेक्टरीत, त्याच ठरलेल्या नावाने, न विचारता लिहितं आहे.